जासईहून येणारा माणूस

ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षं अर्धीच सांगत आलो आहे. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींना तिचा पहिला भाग पाठ आहे. जुन्या गाड्या विकत घेताना मी फोनवर वेगवेगळ्या माणसांचे आवाज कसे काढायचो ते ऐकून ही मंडळी पोट धरून हसतात आणि म्हणतात, "साहेब, तो कल्याणचा भंगारवाला पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या." मी करून दाखवतो. उरलेला भाग कोणाला सांगितलेला नाही. बायकोला तो माहीत आहे, पण मी सांगितला म्हणून नव्हे, तिने तो शेजारच्या खोलीतून ऐकला म्हणून. आता मी शहात्तर वर्षांचा आहे. टाळायला नवीन कारणं सुचेनाशी झाली आहेत, तेव्हा लिहून टाकतो.

तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात मी एकतीस वर्षं खरेदी विभागात काढली. आमच्या खात्याचं काम म्हणजे पुरवठादाराला आधी दमवायचं आणि मग भाव बोलायचा. त्याला बाहेर ताटकळत ठेवायचं, त्याच्या मालात खोट काढायची, दुसरा एक जण याहून स्वस्तात द्यायला तयार आहे असं बोलता बोलता सहज सुचवायचं. यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नसे. मी त्यात हुशार होतो. निरोपसमारंभात वरिष्ठांनी माझं कौतुक केलं ते याच गुणाबद्दल.

निवृत्तीनंतर माझी जुनी अ‍ॅम्बेसेडर विकायला काढली. खालच्या मजल्यावरच्या एका तरुणाने मोबाइलवर फुकट जाहिराती टाकायची जागा दाखवली. मला वाटलं होतं, भंगारात जाईल. दुसऱ्याच दिवशी नाशिकहून एक डॉक्टर आला, बॉनेटवर हात ठेवून दोन मिनिटं नुसता उभा राहिला आणि मी म्हणेन त्या किमतीला गाडी घेऊन गेला. जाताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी मला या धंद्याचा शोध लागला.

पुढची पाच-सहा वर्षं मी हेच केलं. एका वेळी एखादी गाडी घ्यायची, नवीन पनवेलमधल्या आमच्या इमारतीखाली उभी करायची, पत्रे ठाकठीक करून घ्यायचे, सकाळच्या कोवळ्या उन्हात छान फोटो काढायचे आणि पुन्हा जाहिरात टाकायची. या गाड्या विकणारी माणसं वेगळीच असतात. 'दलालांनी फोन करू नये' असं जाहिरातीतच लिहितात. किमतीचं नंतर विचारतात, आधी विचारतात, "गाडी ठेवणार कुठे? सावली आहे का?" मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी.

म्हणून मी कारखान्यातली पद्धत फोनवर आणली. एक साधा बटणांचा फोन घेतला, आणि प्रत्येक आवाजाला वेगळं सिम. जाहिरात दिसली की पहिला फोन पेणच्या वकिलाचा. हा वकील खवचट. "तळाचा पत्रा सडलेला असणार, मी या गाड्या जन्मभर बघतोय," असं म्हणून ठेवून द्यायचा. चार दिवसांनी कल्याणचा भंगारवाला. तो वजनावर भाव करायचा. आणि त्यानंतर तिसरा, सगळ्यांत गुणी. त्याला सगळं पसंत असायचं. तो घासाघीस करायचा नाही, येण्याचा दिवस ठरवायचा आणि यायचाच नाही. पहिले दोघे विकणाऱ्याला चिडवत, हा तिसरा त्याला खचवायचा. मग आठवड्याभराने मी स्वतः जायचो, इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या पाच मिनिटं आधी. माणसाला इतकं हायसं वाटायचं की मी बोलेन तो आकडा त्याला बरा वाटे.

बायकोला हे सगळं ठाऊक होतं. मी गॅलरीत बटणांचा फोन घेऊन गेलो की ती आतून विचारायची, "आज कोण आहात? वकील की भंगार? म्हणजे चहात साखर किती घालू ते कळेल."

ती जाहिरात मला एका पावसाळ्याच्या शेवटी दिसली. सायीच्या रंगाची पद्मिनी, स्टिअरिंगला गिअर, पुढची सीट सलग. फोटोत गाडीच्या शेजारी एक उंच, वाळकुडे म्हातारे गृहस्थ हॅट घालून सावधान उभे होते. मालकाचाही फोटो हवा असं त्यांना वाटलं असावं. खाली मजकूर: 'गाडी चांगल्या माणसास देणे आहे. शनिवारी फोन करू नये.'

शनिवारचं कारण मला लगेच कळलं. जुन्या पनवेलमध्ये सिनेगॉगच्या मागे अजून काही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं होती; शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. बरीचशी केव्हाच इस्रायलला गेली होती. माझ्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून त्यांच्यातले एक गृहस्थ होते, तेही शनिवारी कधी ओव्हरटाइम घेत नसत.

वकील आणि भंगारवाला आपापलं काम करून गेले. वकिलाला त्यांनी शांतपणे सांगितलं, "मग तुम्ही नकाच येऊ, उगाच तुमचा वेळ जाईल." भंगारवाल्याला म्हणाले, "अहो, माझं वजनही धरा त्यात, पंचावन्न किलो आहे." मला फोनवर हसू आवरेना, म्हणून मी तो घाईघाईने बंद केला.

तिसऱ्या माणसासाठी मी दर वेळी नवीन आवाज घ्यायचो. या वेळी उरणजवळच्या जासईचा घेतला. कारखान्यात कॅन्टीनच्या टेबलावर आमच्याबरोबर जासई-चिरनेरकडची मुलं बसायची. त्यांची बोली मला इतकी आवडायची की घरी येऊन मी ती बायकोला बोलून दाखवायचो. मी त्याला एक नाव दिलं. ते इथे लिहीत नाही, कारण त्या नावाची खरी माणसं जासईत असतील आणि त्यांनी कोणाचं काही बिघडवलेलं नाही. वय पस्तीस, कंटेनर यार्डात ट्रेलर चालवतो, घरी आई, बायको, एक मुलगी.

"काका, मी जासईवरशी बोलतो. गाडी हाय का अजून, का गेली?"

"आहे. पण आधी सांग, तुला ही गाडी कशाला हवी? आजकालची मुलं ए.सी. मागतात."

"ए.सी. आमाला नाय सोसत काका. माझ्या आजाला मुंबैत अशा गाडीवर टॅक्सी चालवताना मी बघलंय. तो वास नाकात हाय."

वासाचं कुठून सुचलं, ठाऊक नाही. पलीकडे त्यांनी रेडिओ बारीक केला. मग ते म्हणाले, "रेक्झिनचा वास. उन्हात तापलेल्या सीटचा."

"तोच काका."

माझ्या पद्धतीप्रमाणे तिसऱ्याचा एकच फोन असायचा. याचे आठ झाले. पहिल्या फोनच्या शेवटी ते म्हणाले, "परत कर फोन, तुला तिच्या खोडी सांगायच्या आहेत. सगळ्या एका दमात नाही आठवत." आणि मी केला. मग दर दुसऱ्या-तिसऱ्या दुपारी जेवण झालं की मी गॅलरीत जाऊन बसू लागलो.

ते गोदीत ड्राफ्ट्समन होते. वय ऐंशी. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी इस्रायलला, तिने कागदपत्रं सुरू केली होती. येत्या दोन-तीन महिन्यांत त्यांना कायमचं निघायचं होतं. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती, तरी रोज सकाळी ते गाडी चालू करून दहा मिनिटं सीटवर बसायचे. हे सगळं त्यांनी जासईच्या माणसाला सांगितलं. मी उलट त्यांना वालाच्या शेंगांचं, खाडीतल्या निवट्या माशांचं, आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "हळद-तेल चोळ म्हणावं, डॉक्टर लुटतात." थंडीत शेतात मडकं भाजून पोपटी लावू, असं मी म्हटलं, तेव्हा म्हणाले, "माझ्या मडक्यात फक्त शेंगा आणि अंडी. कोंबडी तुझी तू खा, ती आमच्या पद्धतीने कापलेली नसणार."

"मंग तुमीच कापा ना काका."

"अरे, मला डास मारवत नाही."

खोट्या माणसाच्या तोंडून मी एक गोष्ट मात्र खरी सांगितली. मला गाडी कोणी शिकवली नाही, उशिरा आणि एकट्याने शिकलो, चढावर थांबायची वेळ आली की अजूनही हाताला घाम येतो, असं मी म्हणालो. हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. शेकडो गाड्या बघितलेल्या माणसाने असं कसं बोलायचं? ते हसले नाहीत. म्हणाले, "डोळे मिट आणि ऐक. हँडब्रेक ओढलेला. पहिला गिअर. आता क्लच सोडत ये, सावकाश. एका जागी गाडी थोडंसं नाक उचलते. उचललं? तिथे पाय धर. आता थोडा गॅस, आणि मग ब्रेक सोड. घाई नाही. मागचा हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे, त्याला काही दुसरं काम नाही." मी चौसष्ट वर्षांचा माणूस, गॅलरीतल्या खुर्चीत डोळे मिटून चप्पल दाबत होतो. आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता.

मी फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "हा जासईचा बरा आहे तुमच्यापेक्षा. माझ्याशी कधी इतकं बोलला असतात तर!"

सातव्या फोनवर त्यांनी अलिबागची गोष्ट काढली.

अलिबागच्या अलीकडे बेने इस्रायल लोकांचं एक ठिकाण आहे. तिथल्या खडकावर एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, असं ती मंडळी मानतात. नवस फेडायला तिथे जातात, मलिद्याचं ताट ठेवतात. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि पाच प्रकारची फळं. लग्न झाल्यावर ते आणि त्यांची बायको एस.टी.ने तिथे गेले होते. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा गेले तेही तिथेच, आणि त्यानंतर जवळजवळ दर वर्षी.

"मलिद्याच्या प्रार्थनेला दहा माणसं लागतात," ते म्हणाले. "आता पनवेलमध्ये तेवढी कुठून जमवू? पण ताट तरी ठेवून येईन. जायच्या आधी एकदा, या गाडीतून. मला चालवता येत नाही आणि भाड्याचा ड्रायव्हर मला नको. तू येशील? सकाळी निघायचं, कर्नाळ्याचा चढ, पेण, वडखळ, दुपारपर्यंत परत. परत आलो की गाडी तुझी. घेऊन जा जासईला."

मी म्हणालो, "काका, हे काय इचारनं झालं? गाडी तुमची, डायवर आमी."

"रविवारी?"

"आईतवारी आठ वाजता दारात."

ते वाक्य बोलताना माझ्या मनात काय होतं हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. दिवस ठरवायचा आणि जायचं नाही, हाच तर तिसऱ्याच्या कामाचा भाग. तेव्हा मी ठरवल्याप्रमाणेच बोललो. पण बोलताना मला ती सकाळ दिसत होती. सलग सीटवर माझ्या शेजारी बसलेले ते, मांडीवर फडक्याने झाकलेलं ताट, कर्नाळ्याच्या चढावर "आता नाक उचललं, आता" असं म्हणणारे. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

शनिवारी फोन करायचा नव्हता. शुक्रवारी दुपारी मी आठवा फोन केला. ते बाजारातून फळं घेऊन आले होते. "सफरचंद घेतलं, केळी, चिकू, डाळिंब, आणि खजूर. खजूर फळात धरायचं की नाही यावर माझी आणि बायकोची चाळीस वर्षं भांडणं. तुझं मत काय?"

"काकी काय म्हनायच्या?"

"धरायचं."

"मंग धरायचं."

ते खूप हसले. त्यांचं मोकळं हसणं मी ऐकलं ते शेवटचं.

रविवारी मी पाचलाच उठलो. आंघोळ केली. पँट घातली. बायकोने विचारलं, "कुठे?" मला जायचं होतं. पण जाऊ तरी कोण म्हणून? पस्तिशीतला ट्रेलरवाला त्यांच्या दारात उभा राहायला हवा होता आणि माझ्याकडे फक्त त्याचा आवाज होता. डोळे अधू असले तरी माझे पांढरे केस त्यांना दिसले असते. खरं सांगून टाकायचा मार्ग होताच. जुनं पनवेल माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. साडेसातपर्यंत मी खुर्चीत बसून होतो, मग बटणांचा फोन बंद केला, सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पँट बदलली. त्या दिवशी मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पूर्ण सोडवलं, हेही मला आठवतं.

अकरा दिवसांनी मी माझ्या खऱ्या नावाने त्यांच्याकडे गेलो. निघताना बायको म्हणाली, "चला, त्या बिचाऱ्यांना एकदाचा खरा माणूस भेटणार म्हणायचा."

फोटोतल्यापेक्षा ते जास्त वाकलेले होते. मी त्यांना सर म्हणालो, ते मला साहेब. घरात अर्धं सामान खोक्यांत भरलेलं होतं. गाडी कौलारू शेडमध्ये, वर जुनी चादर. मी नेहमीप्रमाणे पत्रा वाजवून बघितला, खाली वाकलो, मान हलवली आणि एक आकडा सांगितला. त्यांनी तो लगेच मान्य केला. त्यांनी सावली विचारली नाही, मी कोण, काय करतो, काहीच विचारलं नाही. चहा देताना म्हणाले, "साहेब, एक विचारू? तुम्ही तळोज्याला होता म्हणालात. तिकडे जासईची माणसं कामाला असतील ना?"

मी हो म्हणालो.

"एक मुलगा गाडी घेणार होता. रविवारी यायचा होता, आलाच नाही. फोनही बंद." त्यांनी त्याचं नाव सांगितलं, मी दिलेलं. "न येणाऱ्यातला नव्हता तो. ट्रेलर चालवतो. तुम्ही बघता ना तो उरणचा रस्ता, रोज काहीतरी होतं. मी गेलो होतो परवा."

"कुठे गेला होतात?"

"जासईला. बसने. तीन-चार यार्डांच्या गेटवर विचारलं. एक वॉचमन म्हणाला, आजोबा, ट्रेलरवर हजार माणसं आहेत, कोणता शोधू? देवळापाशी विचारलं. त्या नावाचे दोघे निघाले. एक शाळेत जाणारा आणि एक माझ्याहून म्हातारा. त्या म्हाताऱ्याने जेवायला बसवलं मला." ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "त्या मुलाची आई आहे हो घरी. गुडघे दुखतात तिचे."

कप माझ्या हातात होता. त्या क्षणी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मी त्याच्याच आवाजात बोललो असतो तर दुसऱ्या वाक्याची गरजही पडली नसती. मी म्हणालो, "चौकशी करतो, सर."

गाडी घेऊन आलो. इतक्या वर्षांत कोणतीही गाडी इतक्या सहज चालू झाली नव्हती. आणि मी ती नेहमीप्रमाणे विकली. उलट नेहमीपेक्षा लवकर, बारा दिवसांत, लग्नांना गाड्या भाड्याने देणाऱ्या पुण्याच्या एका माणसाला. ती खाली उभी असताना मला गॅलरीत बसवेना, हे एकच कारण.

नावबदलीच्या कागदांवर सह्या घ्यायला पुन्हा जावं लागलं. दार उघडताच त्यांनी विचारलं, "काही कळलं?"

तोपर्यंत मी उत्तर तयार केलं होतं. मला वाटलं, निदान काळजी तरी मिटेल. म्हणालो, "कळलं, सर. तो बरा आहे. अचानक दुबईला नोकरी लागली, दोन दिवसांत निघावं लागलं. आईची सोय भावाकडे केली आहे."

ते खुर्चीत बसले. "बरा आहे ना? बस." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "फोन करायचा ना एक. मी काय रागावलो असतो?"

मी म्हणालो, "सर, तुम्हाला अलिबागला जायचं असेल तर मी नेतो." माझ्या तोंडून ते निघून गेलं. अलिबागचं मला माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. ते म्हणाले, "नको साहेब. तुम्हाला कशाला त्रास. ताट मी केलं होतं त्या दिवशी. दुपारपर्यंत वाट बघितली, मग शेजारच्या मुलांना वाटलं. मुलांनी खाल्लं म्हणजे पोचलंच."

त्यांच्या निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी निरोप घ्यायला गेलो. घरातून निघताना सगळं सांगायचं पक्कं केलं होतं. त्यांनी मला एक कागद दिला. ड्राफ्ट्समनच्या सुरेख, सरळ अक्षरांत मुलीच्या तिकडच्या घरातल्या साध्या फोनचा नंबर. मला वाटलं माझ्यासाठी आहे. ते म्हणाले, "तो मुलगा सुट्टीवर आला तर त्याला द्या. आणि गाडी एकदा दाखवा. त्याला चढावर जरा भीती वाटते, तुम्ही शेजारी बसा." मी कागद खिशात ठेवला. गाडी कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर मी आणखी दोन गाड्या घेतल्या-विकल्या, पण कोणाच्याही आवाजात बोललो नाही. तिसरा मला जमेना. वकील जमायचा, भंगारवालाही जमायचा. पण ते दोघं माझ्या लेखी नुसत्या नकला होत्या. दुपारी जेवण झालं की पाय आपोआप गॅलरीकडे वळायचे. मला त्या म्हाताऱ्यांची आठवण यायची, हे तर आहेच. पण लाज वाटत असूनही लिहितो, मला जासईच्या त्या माणसाचीही आठवण यायची. त्याला कोणी "परत कर फोन" म्हणालं होतं. माझ्या खऱ्या नावाला असं म्हणणारं कोणी नाही. बायको म्हणते, "तुम्ही कुठे कोणाला तसं बोलू दिलंत?" तिचं बरोबर आहे.

तीन वर्षांनी एका दुपारी मी तो कागद काढला आणि नंबर लावला. शुक्रवार होता. तिकडे सकाळ असणार. या वेळी माझाच फोन, माझाच नंबर. 'सर, मी पनवेलहून बोलतोय' इथून सुरुवात करायची, असं मी दहा वेळा घोकलं होतं. मुलीने उचलला, मी त्यांना द्या म्हणालो. खोकण्याचा आवाज आला, मग, "कोण?"

आणि मी म्हणालो, "काका."

एवढंच. पण ते त्याच्या आवाजात निघालं.

"अरे! तू?" ते ओरडलेच. मागे मुलीला काहीतरी सांगितलं, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "कुठे होतास? दुबईतच आहेस का? आई कशी आहे? गुडघे?"

"आई बरी हाय, काका."

"हळद-तेल?"

"लावतो ना."

अर्धा तास आम्ही बोललो. खिडकीबाहेर समुद्र आहे, म्हणाले, पण खाडीचा वास नाही. इथली मुलं मराठी ऐकून हसतात. डोळे आता पूर्ण गेले आहेत, त्यामुळे कुठे राहतो याने फारसा फरक पडत नाही. "सकाळी उठून दहा मिनिटं मी अजून चालू करतो तिला. इथे बसून. चोक ओढतो, थांबतो, किल्ली फिरवतो. मुलीला वाटतं म्हातारा गेला कामातून."

शेवटी मी म्हणालो, "काका, त्या आईतवारी मी आलो नाय. मला माफ करा."

"माफी कसली रे? पोटासाठी गेलास. पोराबाळांचा माणूस तू. मी तेव्हाच सोडून दिलं. आता ऐक, साहेबांकडे गाडी आहे, तू जा आणि बघून ये. माणूस कोरडा आहे, पण वाईट नसावा."

मी हो म्हणालो. फोन ठेवला तेव्हा बायको गॅलरीच्या दारात उभी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

माफी मागितली होती त्याने आणि ती मिळालीही त्यालाच. माझी बाकीच राहिली. पुन्हा फोन करायचा, या वेळी नीट स्वतःच्या आवाजात, असं ठरवत ठरवत दीड वर्ष गेलं. मग मुलीचा मला आवाजी निरोप आला. बाबा झोपेतच गेले, त्रास झाला नाही. साहेब, तुमचा नंबर बाबांच्या जुन्या वहीत मिळाला. त्या जासईच्या मुलाला तेवढं कळवाल का, बाबा त्याची फार आठवण काढायचे. मी उत्तर लिहिलं, 'कळवतो.'

पुण्याच्या त्या माणसाकडे मी नंतर गेलो होतो. गाडी त्याने पुढे विकली होती, कोणाला ते त्याला आठवेना. सापडली असती तरी मी तिचं काय करणार होतो? मागच्या हिवाळ्यात बायकोबरोबर अलिबागच्या अलीकडच्या त्या खडकापर्यंत जाऊन आलो, आमच्या हल्लीच्या गाडीने. कर्नाळ्याच्या चढावर ट्रॅफिक तुंबला होता. मागचा हॉर्न वाजवत होता. मी घाई केली नाही. खडकाजवळ दोन कुटुंबं मलिदा मांडून बसली होती. आम्ही लांब उभे राहिलो. बायको म्हणाली, "बोला ना, इथे तरी बोला." अनोळखी माणसांसमोर मला तोंड उघडता आलं नाही. त्यातल्या एका बाईने आम्हाला बोलावून हातावर पोहे ठेवले, त्यात खजूर होता.

जे बोलायचं होतं ते असं होतं. सर, जासईचा कोणी माणूस नव्हता. तो मी होतो. वकीलही मीच आणि तो भंगारवालाही, पण त्यांचं सोडा. त्या रविवारी मी दुबईला चाललो नव्हतो, मला अपघात झाला नव्हता, मी तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर आंघोळ करून खुर्चीत बसलो होतो, आणि तुम्ही ताट झाकून दारात उभे असाल हे मला माहीत होतं. गाडी स्वस्तात मिळावी म्हणून मी ते केलं. तुम्ही माझ्यासाठी बसने जासईला गेलात, गेटागेटावर विचारत फिरलात, आणि तुमच्या हातचा चहा पिताना मी गप्प राहिलो. चढाची भीती मात्र खरी होती, ती माझीच होती. मला माफ करा, काका.